शेवटचं सत्र म्हणजे उरलंसुरलं नव्हे

'इंग्लंडमधली कसोटी नोकरदाराला जेमतेम शेवटचं सत्र दाखवते, त्यात काय कळणार?' हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. खेळ आपल्या साडेतीनला सुरू होतो, लंच 5.30 ते 6.10. ऐरोलीहून साडेपाचला निघालेल्यांचा ठाण्यापर्यंतचा प्रवास त्या 40 मिनिटांतच उरकतो! चहापान 8.10 ला, शेवटचं सत्र साडेआठला.

आणि खरी मेख तिथेच आहे. दिवसभर एकच संघ फलंदाजी करत असेल, तर 80 षटकं, म्हणजे नवा चेंडू घेता येतो तो टप्पा, रात्री दहाच्या आगेमागे भरतात. मग नवा चेंडू लगेच घ्यायचा, की दमलेल्या गोलंदाजांना थांबवून दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या दमाने घ्यायचा? कर्णधाराची परीक्षा इथेच. षटकं उरली तर साडेदहाला संपणारा खेळ अकरापर्यंत लांबतो, त्यामुळे साडेदहाला टीव्ही बंद करू नका. पावसाने वेळ गेला असेल तर मात्र हे गणित बदलतं.