मावेल का?

सात मिलिमीटर. करंगळीचं नखसुद्धा याहून रुंद असतं. एवढ्याशा जागेपायी परवा रात्री साडेअकरा वाजता मी जमिनीवर पालथा पडून, ओठांत स्क्रू धरून एका पत्र्याच्या पेटीशी झोंबत होतो. माझ्या डोक्यावर मोबाइलचा टॉर्च धरून मामा उभे होते आणि दुसऱ्या मोबाइलवर माझ्या सासूबाईंना सांगत होते, "मी विचारलं होतं ना! पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मावेल का म्हणून."

मामा म्हणजे बायकोचे मामा, माझे मामेसासरे. त्यांनी विचारलं होतं हे खरं आहे. पण काय मावेल आणि कशात मावेल, हा तपशील आता सोयीस्करपणे गळून पडलाय आणि तो ऐकून घ्यायला घरात कोणी तयार नाही. म्हणून इथे लिहितोय.

कमी पैशात, पण गेम नीट चालतील असा कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा, असं मी ठरवलं. यादी करायला तीन आठवडे लागले. लागणारच. प्रोसेसर एक पायरी वरचा घेतला तर 'थोडेसेच जास्त' जातात. मग त्याला साजेसा मदरबोर्ड लागतो, बोर्ड चांगला घेतलाच आहे तर मेमरी वेगवान हवी, एवढं सगळं असताना ग्राफिक्स कार्ड हलकं का, आणि कार्ड भारी म्हणजे पॉवर सप्लाय मोठा. रात्री एकच्या सुमारास ध्यानात येतं की आपण ठरवलेल्या रकमेच्या दीडपट गेलोय आणि अजून कीबोर्ड राहिलाय. मग उलट्या क्रमाने सगळं उतरवत खाली यायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा चढायचं.

अशात मामा आठ दिवस राहायला आले. त्यांच्या घराला रंग लावायला काढला होता. मामांनी नोकरीभर एकच काम केलं, दुसऱ्यांनी केलेल्या बांधकामांची मोजमापं तपासायची आणि कंत्राटदारांच्या बिलांना काट मारायची. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी खिशात स्टीलची टेप असते. ती ते बोलता बोलता खर्रकन ओढतात आणि फट्कन सोडतात. दोन-तीन वाक्यांमागे एकदा.

माझी यादी टेबलावर पडलेली त्यांना दिसली. कंत्राटदाराचं बिल दिसावं तसे त्यांचे डोळे चमकले.

"जावईबापू, हे कशाचं एस्टिमेट?"

मी सांगितलं.

"बरं. गेम कोण खेळणार? चिरंजीव?"

"नाही, मीच."

मामा काहीच बोलले नाहीत. खर्र. फट्. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एका टेपच्या आवाजाने इतकं ओशाळं करता येतं, हे मला तेव्हा कळलं.

चष्मा लावून ते पहिल्या ओळीवर आले. "आय-फाइव्ह, बारा हजार चारशे, एफ. हे एफ काय? नापास?"

"नाही मामा. एफ म्हणजे त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणून तो जरा स्वस्त मिळतो."

"म्हणजे मालात एक वस्तू कमी आहे."

"कमी म्हणजे... ती आपल्याला लागत नाही. आपण वेगळं कार्ड घेतोय ना."

"कार्ड का घेतोय?"

"चित्र दिसायला."

"कारण प्रोसेसरमध्ये ती वस्तू नाही."

"तसं नाही..."

"आणि उद्या कार्ड बिघडलं तर?"

"तर पडदा काळा. काहीच दिसणार नाही."

मामांनी खिशातून लाल रिफिलचं पेन काढलं आणि एफच्या भोवती गोल केला. खरं सांगायचं तर मलाही तिथे क्षणभर गलबलून आलं. या प्रोसेसरवर मी तीन आठवडे खूश होतो. सहा कोअर, म्हणजे आत काम करणारे सहा भाग, बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाचे बारा धागे, २०२२ सालचा असूनही गेमसाठी अजून पुरेसा. आणि इथे दोन मिनिटांत तो नापास झाला होता.

पुढची ओळ मेमरीची होती. "आठचे दोन. सोळाचा एकच का नाही?"

"दोन पट्ट्या लावल्या की दोन वाटांनी माहिती येते-जाते. ड्युअल चॅनल म्हणतात. एकच पट्टी लावली तर एक वाट बंद राहते."

"आठ आणि आठ सोळा. सोळा म्हणजेही सोळाच."

"हो, पण..."

"गणित तेच आहे ना?"

"गणित तेच आहे, मामा."

हे मी का कबूल केलं मला माहीत नाही. पण तेवढ्यावर त्यांनी बरोबरची खूण केली, म्हणून मी गप्प बसलो.

मग आला पॉवर सप्लाय. पाचशे पन्नास वॅट वाचून मामा खुर्चीत मागे सरले. "जावईबापू! अहो, मीटर गरगर फिरेल." मी समजावलं की ५५० ही त्याची कमाल ताकद, तो दिवसभर तेवढी वीज ओढत नाही. प्रोसेसर फार तर ११७ वॅट घेईल, कार्ड १३२, बाकी किरकोळ. सगळं मिळून तीनशेच्या आत.

"मग तीनशेचा घ्या."

"थोडी मोकळीक ठेवावी लागते. मध्येच क्षणभर उसळी येते."

"म्हणजे चढणार एक माणूस आणि जिना बांधायचा हत्तीसाठी." खर्र. फट्. "आणि हे काय, ब्रॉन्झ? तिसरा नंबर?"

इथे मी चुकलो. मला 'हो' म्हणून पुढे जायला हवं होतं. त्याऐवजी मी सांगायला बसलो की ऐंशी प्लस ब्रॉन्झ हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा असतो. निम्म्या भाराला भिंतीतून घेतलेल्या विजेतली ८५ टक्के तरी आत पोचली पाहिजे, उरलेल्याची उष्णता होते. ब्रॉन्झच्या वर सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम आहे, आणि खाली नुसता बिनरंगी पांढराही असतो.

मामांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे पाचवा."

त्यांनी यादीवर 'पाचवा' असं लिहिलं. अक्षर सुरेख आहे त्यांचं.

खरं तर ही झडती ग्राफिक्स कार्डं विकणाऱ्यांची व्हायला हवी होती. माझा जुना राग आहे. आरटीएक्स ३०५० नावाचं एक कार्ड ८ जीबीचं आहे आणि त्याच नावाचं दुसरं ६ जीबीचं. वाटतं, फरक फक्त मेमरीचा असेल. तसं नाही, २०२४ साली आलेल्या सहावाल्यात कोअरही कमी आहेत आणि मेमरीची वाटही अरुंद आहे. ती १२८ बिटांची, ही ९६ची. नाव मात्र तेच. २०१६ साली जीटीएक्स १०६० चं असंच केलं होतं, तीन जीबीचं वेगळं आणि सहा जीबीचं वेगळं. त्याहून कहर म्हणजे जीटी १०३०. पहिल्यांदा निघालं ते जलद मेमरीचं, पुढच्या वर्षी त्याच नावाने साध्या, डीडीआर४ जातीच्या मेमरीचं आलं आणि त्याचा मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांशावर. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हे खरं. पण ज्याच्याकडे पैसे मोजके असतात तोच नेमका या खालच्या रांगेत उभा असतो आणि फसवाफसवी नेमकी याच रांगेत. वरच्या रांगेतल्याला चूक परवडते. आम्हाला दहा चाचण्या बघाव्या लागतात, आलेख वाचावे लागतात, आणि एवढं करून घरचे म्हणतात, एक कॉम्प्युटर घ्यायला याला तीन आठवडे लागले.

मेमरीचं तर विचारूच नका. मी मुद्दाम जुन्या डीडीआर४ चा बोर्ड धरला, का तर जुनं ते स्वस्त. पण कंपन्यांनी डीडीआर४ बनवणं आवरतं घेतलं आणि एआयच्या डेटा सेंटरांनी दिसेल ती मेमरी उचलायला सुरुवात केली. २०२५ च्या अखेरीला भाव असे चढले की यादीत सगळ्यात किरकोळ म्हणून शेवटी लिहिलेली ओळ मला वर न्यावी लागली. कुठल्या तरी यंत्राला मांजरांची चित्रं काढता यावीत म्हणून मी १६ जीबीवर थांबलोय. हे काही गमतीने म्हणत नाही.

असो. मामांची तपासणी संपली. त्यांनी खाली तारीख घातली, सही केली आणि मग खोलीत नजर फिरवत तो ऐतिहासिक प्रश्न विचारला.

"ही पेटी या टेबलाखाली मावेल का?"

टेबलाखाली. मी पुन्हा लिहितो, टेबलाखाली. ते गुडघ्यांवर बसले, टेप लावली, मी साइटवरून कॅबिनेटची उंची वाचून दाखवली. वर चार बोटं जागा उरत होती. "मावते," ते म्हणाले आणि उठताना मला हात द्यायला लावला. विषय तिथे संपला.

माल आला. जोडणीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी लाज गेली नाही. प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये १७०० बारीक टोचण्या असतात आणि एक वाकली तरी बोर्ड गेला. वरची कडी दाबताना कर्र असा आवाज येतो, तो यायलाच हवा असतो, पण हे ठाऊक असूनही घाम फुटतो. एसएसडीचा, म्हणजे माहिती साठवायच्या पट्टीचा, तांदळाएवढा स्क्रू एकदा हरवला, मामांच्या पायाखाली सापडला. पॉवर सप्लाय स्वस्तातला, म्हणजे सगळ्या तारा त्याला जन्मजात चिकटलेल्या. लागो न लागो, सगळ्या आत कोंबायच्या. खालच्या पुढच्या कोपऱ्यात त्यांचं जुडगं तयार झालं.

शेवटी कार्ड. आरएक्स ६६००. हे कार्ड दोन पंख्यांचंही मिळतं आणि आखूड असतं. १३२ वॅटच्या कार्डाला दोन पंखे रग्गड होतात. मी तीन पंख्यांचं घेतलं. का? तीन दिसायला छान दिसतात. झालं समाधान?

त्याची लांबी २८२ मिलिमीटर. कॅबिनेटच्या पानावर लिहिलं होतं, कार्ड ३०० मिलिमीटरपर्यंत. अठरा मिलिमीटर हातात आहेत, असं मी समजून होतो. त्या ३०० वर एक चांदणी होती. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी होता, 'पुढे पंखा नसताना'. पंखा होता. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एकुलता एक. त्याची जाडी २५ मिलिमीटर. तीनशेतून पंचवीस गेले, उरले २७५.

मामांनी टेप लावली. एकदा कार्डाला, एकदा पोकळीला. मग पुन्हा एकदा, कारण पहिल्या मापाचा आनंद त्यांना पुरला नसावा.

"सात मिलिमीटर, जावईबापू."

"हो."

"मी विचारलं होतं."

"मामा, तुम्ही टेबलाचं विचारलं होतं!"

"मावेल का, हेच विचारलं होतं ना?"

आता यावर काय बोलणार? शब्द तेच होते. आठ आणि आठ सोळाच होतात.

पंखा खालच्या जागी सरकवून बघितला, तिथे तारांचं जुडगं. वरच्या जागी कार्डाची शेपटी. परत पाठवायचं तर कार्डाच्या खोक्याचं सील मी दात लावून फोडलेलं. बायकोने दारातून विचारलं, "कार्ड थोडं कापता येत नाही का?" हा विनोद होता की सूचना, हे अजून समजलेलं नाही. सासूबाई फोनवर होत्याच. त्यांना कार्ड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मावत नाही एवढं पुरेसं होतं.

शेवटी कॅबिनेटचं पुढचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि पंखा बाहेरच्या बाजूने जाळीवर झिप टायने बांधला. चार टाय, चार कोपरे. कार्ड आत बसलं. झाकण आता पंख्यामुळे लागत नाही, ते भिंतीला टेकवून ठेवलंय. कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला, चित्र आलं, गेमही चालला, पण त्याची दखल कोणी घेतली नाही. एक गोष्ट मात्र राहिली. पंख्याची थरथर पत्र्यात उतरते आणि वरचा पत्रा सतत झिंग झिंग करतो. कागदाच्या घड्या घालून पाहिल्या, रबर लावून पाहिलं.

मामा काल सकाळी गेले. निघताना टेप कॅबिनेटवर ठेवून म्हणाले, "ही असू द्या तुमच्याकडे. लागेल."

झिंग झिंग थांबलं.

मी टेप उचलली, आवाज सुरू झाला. ठेवली, बंद. जरा डावीकडे सरकवली तर पुन्हा सुरू. ते ठेवून गेले नेमक्या त्याच जागी ती ठेवावी लागते. पेन्सिलीने मी भोवती रेघ मारून घेतलीय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.