पाटोबाचा पुजारी होऊ पाहणाऱ्यांस

नोकरीसाठी पुण्याला निघालात? की बेंगळुरूला? थांबा की ओ, बॅग खाली ठेवा. बेळगावच्या सीमाभागात, निपाणीपासून खानापुरापर्यंत, एका धंद्याला मरण नाही आणि त्याला डिग्रीही लागत नाही. पाटोबाचं पुजारीपण घ्या.

पाटोबा म्हणजे दुकानाच्या, शाळेच्या, गावच्या वेशीवरच्या पाटीत राहणारा देव. पंथ कुणी काढला हे विचारू नका, ‘मीच’ म्हणणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ निघतील. देवाचा जन्म १ नोव्हेंबर १९५६ चा धरतात, त्या दिवशी राज्यांची फेररचना झाली आणि हा भाग आताच्या कर्नाटकात गेला. १९६७ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं त्याची पत्रिका मांडली, ती एका घरानं, कर्नाटकानं, देव्हाऱ्यात ठेवली, दुसऱ्या घरानं, महाराष्ट्रानं, पाण्यात सोडली. मग २००४ साली दुसऱ्या घरानं दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. निकाल यायचाय. तोवर तुम्हाला निवृत्ती नाही, आणि अशी हमी आजकाल सरकारी नोकरीतही कुठं मिळते?

सोवळं साधं आहे. खिशात लोखंडी टेप, कानावर पेन्सिल. सकाळी शटर वर जायच्या वेळेला बेळगावच्या गणपत गल्लीतून खडे बाजाराकडे निघायचं. दुकानदार उंबऱ्यावर पाणी शिंपडतो, लक्ष्मीला उदबत्ती ओवाळतो आणि तुम्हाला बघून मान वर करतो. ती वर गेलेली मान हीच तुमची दक्षिणा.

आता मुख्य विधी. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानुसार पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला, आणि तीही वरच्या अंगाला. दहा फूट बाय तीन फुटांची पाटी म्हणजे ३० चौरस फूट. त्यातले १८ वर गेले. उरलेल्या बारांत मराठी, इंग्रजी, मोबाईल नंबर आणि मालकाच्या वडिलांचा फेटा घातलेला फोटो. इथवर पोरखेळ आहे. खरी विद्वत्ता लागते ती कोपऱ्यातल्या गणपतीला. तो कुठल्या भाषेच्या खात्यात धरायचा? सोंड डावीकडे म्हणून तो अलीकडचा, असं एक घराणं मानतं. दुसरं म्हणतं, चित्राला भाषा नसते, पण खाली ‘श्री’ लिहिला की देवनागरी सुरू झाली, तेवढे इंच वजा करा. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं दोन्ही बाजू ऐका आणि ‘पुढच्या गुरुवारी सांगतो’ म्हणा. निर्णय कधीच देऊ नका. निर्णय दिलेला पुजारी उपाशी मरतो.

मोजताना कान मात्र बंद ठेवा. मी स्वतः थोडे दिवस उमेदवारी केली तेव्हा इथंच चुकलो. एका शिंप्याच्या पाटीला शिडी लावून चढलो होतो. खाली तो गिऱ्हाइकाची छाती मोजत होता. तोंडात टाचण्या, गळ्यात फीत. गिऱ्हाईक मराठी. शिंपी त्याला म्हणाला, ‘श्वास सोडा की ओ, फुगवू नका.’ मग आतल्या पोराला ओरडला, ‘मूवत्तेंटु!’ पोरगं ‘हौद री’ म्हणालं आणि त्यानं चिठ्ठीवर इंग्रजी आकड्यांत अडतीस लिहिलं. एका छातीला तीन भाषा लागल्या आणि शर्ट बेतात बसला. मी शिडीवर तसाच. शिंप्यानं वर बघून विचारलं, ‘मापंच घ्यायची तर आत या, वर कशाला चढतासा?’ असल्या प्रसंगी श्रद्धा डळमळते. म्हणून सांगतो, कानात कापूस घाला.

पाटोबाच्या राज्यात खरं पोट भरतं ते फ्लेक्सवाल्याचं. नियम बदलला की पाटी बदलते, पाटी बदलली की त्याचं मशीन खडखडतं. त्याच्याशी सोयरीक करून ठेवा. तो दोन्ही बाजूंचे बॅनर एकाच रात्री, एकाच शाईत छापतो. माझ्या मते या पंथातला एकमेव स्थितप्रज्ञ तोच.

पोथीत बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाचा अध्याय आहे. ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेली पाटी २०१४ च्या जुलैत काढली गेली, गावानं ती पुन्हा उभी केली, ती पुन्हा उतरवली गेली. सांगताना आवाज चढवा, पण पोलिसांच्या लाठ्यांपाशी जरा गप्प राहा. अध्यायात तेवढंच उपरोधाचं नाही. पाठी खऱ्या होत्या.

सणवार फार नाहीत. १ नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीत निषेधाचे काळे. तुम्ही मधल्या गल्लीत चहा प्या. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचं अधिवेशन भरलं की जत्रा. बसला काळं फासलं की समजा देव अंगात आला. त्या दिवशी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं पाहुण्यांना बोलावू नका, लग्नघरात नवरा असेल आणि मामा नसतील.

एक म्हातारा मात्र अधूनमधून येईल. हातात घडी पडलेला कागद, शेताचा उतारा. ‘बाबा, एवढं काय लिवलंय ते सांग, मला कन्नड वाचाय येत नाही.’ त्याला नम्रपणे परत पाठवा. पाटोबा फक्त रस्त्यावरून दिसणाऱ्या अक्षरांत असतो. घडी घातलेल्या कागदात त्याचा वास नाही. तसंच गावच्या मराठी शाळेचं. पाटी ताजी रंगवलेली आहे ना, झालं. आत तीन इयत्ता एकाच खोलीत आणि कोपऱ्यात गळक्या कौलाखाली बादली, हे बघायला पुजाऱ्यानं आत जायचंच कशाला?

स्पर्धेची भीती एकच, सौंदत्तीची यल्लम्मा. मार्गशीर्षात कोल्हापूरकडून एस.टी. भरभरून माणसं येतात, ‘उदं गं आई उदं’ म्हणतात, भंडारा उधळतात. शेजारी धारवाडकडची बाई कन्नडात तेच मागते. आई दोघींचं ऐकते आणि टेप लावत नाही. अशानं आपल्या धंद्याचं कसं व्हायचं? तिकडे जाऊ नका.

आणि पावसाळ्यात खानापूरच्या रस्त्याला तर अजिबात नको. जुन्या पाट्या तिथं जातात. शेतकरी स्वस्तात फ्लेक्स नेतो आणि गवताची गंजी झाकतो, छापील अंग खाली, पांढरं वर, कडेनं दगड. जाऊनच पोचलात आणि त्यानं हाक मारलीच, तर खिशातली टेप काढा. दहा बाय तीनचे किती तुकडे जोडले की गंजी पुरी झाकेल, तेवढं त्याला सांगा. चौरस फुटांचा हिशोब तुम्हाला येतोच.