घूंचा बंदोबस्त

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची थरथर विजेत उतरवणारा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले, केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. पण त्यावर चांगली जाणती माणसे जेवढा काथ्याकूट करतात, तेवढा सोयरीक जुळवतानाही होत नसावा. माझ्या गिटारीवर तीन सिंगल कॉइल पिकअप होते आणि ते तारांइतक्याच निष्ठेने घरातली ५० हर्ट्झची वीजही ऐकवीत. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला, की अँप्लिफायरमधून अशी घूं निघे, की आई मिक्सर चालू राहिला का ते पाहून येई.

या घूंवरच्या उपायाचे पेटंट गिब्सनच्या सेठ लव्हर यांनी १९५५ सालीच मागितले होते. उलट वेढ्यांच्या आणि उलट ध्रुवांच्या दोन कॉइल जोडल्या, की बाहेरची गुणगुण आपसात कटते आणि तारांचा आवाज तेवढा भरीव होतो. तेव्हा ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे, त्याच खाचेत मावणारा असा दोन कॉइलचा पिकअप, अर्थात हंबकर, बसवायचे ठरले.

दुकानदाराने त्याचा रोध 'चौदा किलोओहम' असा सांगितला, तोही आवाज खाली आणून. रोध जास्त म्हणजे वेढे जास्त आणि आवाज दणकट, असा त्याचा हिशेब. वास्तविक तार अधिक बारीक घेतली तरी हा आकडा फुगतो, पण त्या दबक्या स्वरापुढे भौतिकशास्त्र टिकत नाही. पिकअपचे स्क्रू फिरवून त्याची उंची मिलिमीटरभर बदलली तरी आवाजात मोठा फरक पडतो, हे मात्र तो बोलला नाही. त्या उपायाचे बिल होत नाही.

खरा छळ वायरींना सोल्डरचा डाग देण्याचा. पॉटच्या, म्हणजे आवाजाचे बटण ज्यावर बसते त्या भागाच्या, पाठीचा पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो, सोल्डरमधल्या रोझिनचा धूर नेमका नाकात शिरतो आणि डाग अखेर बसतो तेव्हा शेजारची वायर सुटलेली असते. जोडणी झाल्यावर स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर टकटक केली, आवाज आला. मधल्या पिकअपबरोबर लावताच मात्र गिटार नाकात बोलू लागली, म्हणजे फेज उलटा, दोन पिकअप एकमेकांचा आवाज खोडत होते! दोन वायरींची अदलाबदल करून पुन्हा तोच धूर घेतला.

एवढ्या वेळात जुना आवाज कानात राहत नाही, शिवाय तारा नव्या घातल्या की कोणतीही गिटार झळाळते. म्हणून आधी व नंतर एकच तुकडा मुद्रित करून, कोणता कधीचा हे न सांगता, दोन्ही बायकोला ऐकवले.

"दुसरा बरा आहे," ती म्हणाली, "लवकर संपला."

दोन्ही तुकडे सेकंदाला सेकंद सारखे होते. तेव्हा घूं गेली, असा मी त्याचा अर्थ लावला आणि मधल्या पिकअपची चौकशी सुरू केली.