सालाबादप्रमाणे संत्र्याची साल

संशोधन सुरू करायचं म्हणता? मग ग्रंथालयात कशाला जाता, आधी सीताबर्डीवर जा आणि एखाद्या ज्यूसवाल्याशी ओळख काढा. रात्री दुकान बंद करताना तो संत्र्याच्या साली पोत्यात भरून बाहेर ठेवतो. ते पोतं फुकट मिळतं. कच्चा माल फुकट, विषय टाकाऊतून टिकाऊ, त्यात पर्यावरण आलं, विदर्भ आला, शेतकरी तर आलाच. एवढ्या भांडवलावर नागपुरात माणूस असिस्टंट प्रोफेसरचा प्रोफेसर होऊ शकतो. मी हवेत बोलत नाही, माझ्याही फाईलच्या मुळाशी असंच एक पोतं आहे.

आता कृती ऐका. साली धुवा, गच्चीवर वाळत घाला. मे महिन्यात आपल्याकडे ओव्हन लागत नाही, 45 अंशांचं ऊन सरकारी मंजुरीशिवाय पडतं. वाळल्या की मिक्सरमधून काढा आणि चाळून घ्या. दुसरीकडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग विरघळवा, त्यात ही भुकटी टाका आणि ढवळत बसा. पाणी फिकं होतं. किती फिकं झालं ते यंत्रावर मोजा, आकडे लँगम्यूरच्या समीकरणात (पृष्ठभागाला किती पदार्थ चिकटतो याचं गणित) बसवा, मग फ्रॉइंडलिकच्या समीकरणात बसवा, आणि पहिलं जास्त चांगलं बसलं असं लिहा. लँगम्यूरने 1918 साली जो पेपर लिहिला तो काच, अभ्रक आणि प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठभागांवर वायू कसे चिकटतात याबद्दल होता. संत्र्याची साल सपाट नसते हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने ते विचारायची पद्धत नाही. त्याचाही केळीच्या सालीवरचा पेपर कुठेतरी रांगेत असतो.

इथे तुम्हाला एक मोह होईल. ज्या नाग नदीवरून या शहराला नाव मिळालं, ती तुमच्या कॉलेजपासून फार तर दोन-तीन किलोमीटरवरून काळीभोर वाहते. तिचंच पाणी बाटलीत भरून आणावं, असं वाटेल. आणू नका. त्या पाण्यात साबण असतो, तेल असतं, मैला असतो, आणखी काय काय असतं ते नदीलाच माहीत. सगळेच सालीला चिकटायला धावतात आणि तुमचा आलेख वाकडा येतो. वाकड्या आलेखाचा पेपर होत नाही. म्हणून नदी फक्त लिखाणात घ्यायची. पहिल्या परिच्छेदात नाग नदी, शेवटच्या परिच्छेदात नाग नदी, मधल्या चौदा पानांत डिस्टिल्ड वॉटर.

एखादा नवा विद्यार्थी विचारेल, सर, रंग पाण्यातून निघून सालीत गेला, आता या निळ्या सालीचं काय करायचं? हुशार पोरगं आहे. त्याला 'भविष्यातील संशोधनाच्या दिशा' हा परिच्छेद लिहायला द्या, म्हणजे पुन्हा विचारणार नाही.

एका पोत्यातून किती पेपर निघतात हे तुमच्या हातावर आहे. मिथिलीन ब्लूचा एक झाला की काँगो रेडचा दुसरा, मॅलाकाइट ग्रीनचा तिसरा. रंग संपले की फळ बदला. मोसंबी आहे, लिंबू आहे, सीताफळ आहे. सकाळी ठेल्यावर आपण काय करतो? पोहे तेच असतात, तर्री तेवढी वेगळी मागतो. जर्नलवाल्यांनाही पोह्यांची तक्रार नसते, तर्री झणझणीत दिसली की झालं. तिला ते लोक 'नॉव्हेल्टी' म्हणतात.

पैशाचंही तसंच. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च करतो, म्हणजे पंगत मोठी आणि वाढपी एक. वाढपी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत मागितलं तरच पानात पडतं. 2007 मध्ये नॅनो मिशन आलं तेव्हा समजदार लोकांनी सालीचा काढा करून त्यात चांदीचे नॅनोकण बनवले. 2020 मध्ये त्याच कणांना मास्कवर बसवलं. जानेवारी 2023 मध्ये ग्रीन हायड्रोजनसाठी 19,744 कोटींचं मिशन मंजूर झालं आणि सालीच्या कोळशात हायड्रोजनची ओढ दिसू लागली. एप्रिलमध्ये क्वांटम मिशनला 6,003 कोटी मिळाले. आता क्वांटमचा आणि संत्र्याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. अहो, सालीपासून कार्बनचे क्वांटम डॉट्स नावाचे अतिसूक्ष्म कण खरंच बनतात! मिशन क्वांटम कॉम्प्युटरचं आणि दूरसंचाराचं आहे हे खरं, पण नावात क्वांटम आहे ना. पुढचं तुमच्या इंग्रजीवर.

यात कोणी खोटं बोलतो असं समजू नका. मला तरी या सगळ्या प्रकारात धडधडीत खोटं बोलणारा माणूस क्वचितच भेटला. पैसे देणाऱ्या अधिकाऱ्यालाही वर्षाच्या शेवटी वर अहवाल पाठवायचा असतो, की मिशनखाली इतके प्रकल्प, इतके पेपर, इतके पेटंट अर्ज. तुम्ही त्याचा रकाना भरता, तो तुमचा भरतो. साल मधल्या मध्ये वाळत राहते.

प्रपोजलमध्ये 'अपेक्षित निष्कर्ष' असा एक तक्ता असतो. प्रयोग करायच्या आधी निष्कर्ष कसा सांगायचा म्हणून नवखे लोक तिथे अडतात. सोपं आहे. जे काम मागच्या प्रकल्पाच्या पैशांत उरकून ठेवलंय तेच पुढच्या तीन वर्षांचं म्हणून मागायचं. निष्कर्ष हमखास बरोबर येतो, आणि मिळालेल्या पैशांत त्याच्या पुढच्या प्रपोजलचं काम करून ठेवता येतं. मी हा प्रकार पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला लाज वाटली होती. पुढे पॅनेलवर बसायला लागलो आणि कळलं, ज्याला आपला प्रयोग फसू शकतो असं प्रामाणिकपणे लिहायची सवय आहे, त्याचं प्रपोजल पहिल्या चाळणीतच खाली पडतं.

अनुदानाचा हप्ता येतो फेब्रुवारीत आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवून यूसी, म्हणजे पैसे वापरल्याचं प्रमाणपत्र, पाठवायची असते. चाळीस दिवसांत विचार विकत घेता येत नाही, यंत्र घेता येतं. तेव्हा यंत्र घ्या. ते चालवायला माणसाची तरतूद नसते, बिघडलं तर दुरुस्तीची नसते, पण डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झकास दिसते. आमच्याकडच्या एका यंत्राचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. त्याच्यावर दरवर्षी दसऱ्याला झेंडूचा हार पडतो. जून 2025 मध्ये सरकारने संशोधन संस्थांना कोटेशनशिवाय 2 लाखांपर्यंत खरेदीची मोकळीक दिली, हे चांगलंच झालं. मार्चमधली धावपळ आता जरा वेगात होईल. जेआरएफचे, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याच्या फेलोशिपचे, महिन्याचे 37,000 मात्र महिनोन्महिने थकतात. ते पोरांचे पैसे असल्यामुळे त्यांना मार्चची घाई नसते.

आता गणित. नीट वाचा, कारण विज्ञानाच्या नोकरीत लागणारं खरं गणित एवढंच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या पेपरला 8 गुण आहेत, वर जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचे इतरांनी किती संदर्भ दिले याचा आकडा) पाहून 5 पासून 30 पर्यंत जादा. प्रोफेसरच्या जागेला किमान 10 पेपर आणि 120 चा रिसर्च स्कोअर. इथवर कोणालाही समजतं. पण पेपरचे लेखक दोन असतील तर प्रत्येकाला किती? पन्नास-पन्नास टक्के म्हणाल, तर तुम्ही जुन्या काळात राहता. प्रत्येकाला 70 टक्के. दोघांपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्या प्रत्येकाला 30. म्हणजे पाच जणांचा पेपर एकूण 190 टक्क्यांचा, दहा जणांचा 340 टक्क्यांचा. ज्ञान वाटल्याने वाढतं हे आपण शाळेपासून ऐकत होतो, दिल्लीने त्याचा दर ठरवून दिला.

यावरून मी माझी पेपरभिशी काढली. पाच मित्र जमवायचे. दर दोन महिन्यांनी एकाची चिठ्ठी निघते. ज्याची निघाली तो मुख्य लेखक, बाकीचे चौघे मागे. पाचही चिठ्ठ्या निघाल्या की प्रत्येकाच्या नावावर पाच पेपर, गुण 70 अधिक चार वेळा 30. साध्या भिशीत जेवढे टाकले तेवढेच परत मिळतात, इथे एक पेपर टाकून जवळजवळ दोन पेपरचे गुण हातात येतात. आणि जो बिचारा एकटाच तीन वर्षं प्रयोगशाळेत बसून एकट्याच्या नावाने पेपर टाकतो, त्याचे शंभरातले शंभरच राहतात. असा एक माणूस मी पाहिलेला आहे. अजून तो कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल घेऊन फिरतो आणि कारकून त्याला विचारतो, तुमचं कोणाशी पटत नाही का सर?

जर्नल कोणतं निवडायचं यावर फार डोकं लावू नका. पूर्वी यूजीसीची मान्यताप्राप्त यादी होती, मे 2018 मध्ये तिच्यातून एकदम 4,305 जर्नलं काढून टाकली. मग यूजीसीचीच केअर यादी आली, फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. मधल्या काळात ज्यांनी घाईघाईने पैसे भरून पेपर छापले त्यांचे गुण त्यांच्या फाईलमध्ये सुखरूप आहेत. परदेशातही काही वेगळं चालत नाही. 2023 या एका वर्षात जगात 10,000 च्या वर पेपर मागे घेतले गेले, त्यातले 8,000 हून अधिक एकाच प्रकाशनगृहाच्या जर्नलांमधले. आता एनआयआरएफच्या, म्हणजे सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या, रँकिंगमध्ये मागे घेतलेल्या पेपरांचे गुण कापतात म्हणे. म्हणून पेपर असा लिहायचा की तो मागे घ्यावा इतकंही कोणाला त्याच्याकडे पाहावंसं वाटू नये. निळी साल या बाबतीत अत्यंत सुरक्षित आहे.

पेपर वाचला जाणं आणि साइट होणं, म्हणजे दुसऱ्याच्या पेपरात संदर्भ म्हणून येणं, या वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. साइट होण्यासाठी भिशी पुरते. चौघांनी तुम्हाला साइट करायचं, तुम्ही चौघांना, आणि रिव्ह्यू करायला पेपर आला की 'लेखकांनी पुढील सहा महत्त्वाचे संदर्भ पाहावेत' असं नम्रपणे सुचवायचं. सहाही तुमचेच. असं काही वर्षं निष्ठेने केलं की जगातल्या आघाडीच्या 2 टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत नाव येऊ शकतं. आलं की चौकात फ्लेक्स लावा. नगरसेवकाच्या वाढदिवसाशेजारची जागा मिळाली तर उत्तम. ही यादी काढणाऱ्या चमूचे प्रमुख जॉन इओॲनिडिस यांनीच 2005 मध्ये बहुतेक प्रसिद्ध संशोधनाचे निष्कर्ष चुकीचे का असतात यावर एक गाजलेला पेपर लिहिला होता, आणि यादीत स्वतःलाच साइट करण्याचं प्रमाण दाखवणारा रकानाही असतो. फ्लेक्सवर तेवढी जागा नसते.

आता या धंद्यातला खरा धोका सांगतो. कधीतरी तुम्हाला खरा प्रश्न सुचेल. आपल्या भागात तो फळगळीचा असतो. आंबिया बहाराची संत्री ऐन भरात येतात आणि श्रावण-भाद्रपदात गळू लागतात. कारण एक नसतं. कधी बुरशी, कधी रस शोषणारा पतंग, कधी झाडाची उपासमार, कधी काळ्या जमिनीत तुंबलेलं पाणी, आणि बहुतेक वेळा यातलं थोडं थोडं सगळंच. याचा छडा लावायचा तर निरनिराळ्या गावांत बागा धराव्या लागतील, पाच-सात पावसाळे मोजदाद करावी लागेल. नवीन कलम लावलं तर ते फळावर यायलाच चार-पाच वर्षं घेतं. प्रकल्प असतो तीन वर्षांचा. संत्र्याच्या झाडाला प्रकल्पाचं वेळापत्रक कोणी कळवलेलं नसतं. बरं, सात वर्षांनी उत्तर काय येईल? की आम्ही दिलेल्या फवारणीने विशेष फरक पडला नाही. हे उत्तर शेतकऱ्याच्या कामाचं आहे, त्याचा फवारणीचा खर्च वाचेल. पण 'फरक पडला नाही' या तीन शब्दांचा पेपर कोणतं जर्नल घेणार? तोपर्यंत भिशीतल्या चौघांच्या गाडीवर प्रोफेसरची पाटी लागलेली असेल. शिवाय अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहेच. झाडाचं ते बघतील, आपण सालीचं बघू.

राहता राहिला विज्ञान दिन. 1928 साली 28 फेब्रुवारीला रामन यांनी आपला शोध लावला, म्हणून आपण त्या दिवशी मांडव घालतो. टेबलावर दोन काचेच्या बरण्या ठेवा, एक निळी, एक फिकी. मध्ये सालीची भुकटी. लोक थांबतात.

त्यात एखादा काटोलकडचा शेतकरीही येईल, पोराच्या ॲडमिशनच्या चौकशीला आलेला. बरण्यांकडे बराच वेळ पाहील आणि म्हणेल, "मस्त हाय जी सर. पण एक विचारू का? पोळ्याच्या टायमाले आमच्या झाडाखाली फळाचा सडा पडते. काऊन पडते जी?"

गडबडू नका. प्रश्न बहुआयामी आहे म्हणा, त्याला चहा द्या, आणि हजेरीपटावर सही घ्या. नाव, गाव, मोबाईल नंबर, 'लाभार्थी' या रकान्यात बरोबरची खूण. मग बॅनर मागे येईल असा फोटो काढा, बरणी त्याच्या हातात द्या. हा कागद कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या क्रायटेरियन तीनच्या फाईलला लागतो, विस्तारकार्य म्हणून. निरोप देताना सहज विचारून ठेवा, काका, तुमच्याकडून साली मिळतील का हो? ज्यूसवाल्याने हल्ली पोत्याचे पैसे मागायला सुरुवात केली आहे.

"सालीच कायले सर," तो म्हणेल, "पोळ्याले या ना गावाले. अख्खी फळं पडून राह्यते. ट्रॉली भरून न्या."