ट्रायल्सचे नियम शेवटच्या नंबरवाल्यासाठी लिहा

मित्रांनो, आमच्या बाईकवाल्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय, मोटरसायकल ट्रायल्सच्या सेक्शनमध्ये गाडी थांबली तर दंडाचे पाच गुण द्यायचे की नाही. तिथे दोन-दोन ओळींत हे मांडता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लांब आहे पण वाचा, कारण खान्देशात हा खेळ आत्ता कुठे मूळ धरतोय आणि आज आपण जे नियम लावू तेच पुढची कितीतरी वर्षं चालणार.

ज्यांना मोटरसायकल ट्रायल्स माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. यात कोणी कोणाला ओव्हरटेक करत नाही. नाल्यात, दगडात, चढावर दोन्ही बाजूंनी पट्टी बांधून एक वाट आखतात, त्याला सेक्शन म्हणायचं, आणि एकेकाने त्यातून गाडी काढायची, पाय जमिनीला न टेकवता. एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि पडलास, पट्टी ओलांडलीस, सेक्शन अर्धवट राहिलं तर सरळ पाच. चार नाहीच. शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला, आणि दोघांचे सारखे झाले तर ज्याची शून्यं जास्त तो पुढे. झाला खेळ. पहिल्यांदा बघणाऱ्या माणसालाही पाच मिनिटांत कळतो, आमच्याकडे शेतावरची माणसं बांधावर उभी राहून ओरडतात, "पाय टेकना, पाय टेकना!"

आणि आपल्याकडे जमीन तयार आहे भो. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे नाले बघा, गोल गुळगुळीत गोटे, मध्येच कातळ, मध्येच पाय रुतेल अशी वाळू. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या आहेत, भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. बाहेरच्या देशांत इनडोअर ट्रायल्ससाठी काँक्रीटचे ठोकळे आणि लाकडाचे ओंडके आणून अडथळे उभे करतात, आपल्याला फक्त पट्टी आणि खुंट्या लागतात.

आता वादाचं. मागच्या थंडीत आम्ही ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या नाल्यात छोटंसं काहीतरी केलं होतं, बक्षीस वगैरे काही नाही, फक्त पोरांना चव लागावी म्हणून. सेक्शनवर उभे होते आमचे एक काका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, ट्रायल्समध्ये रायडरचं स्कोअरकार्ड पंच करतात त्यासाठी काकांनी घरातून आपला जुना तिकिटाचा पंच आणलेला. शहाद्याकडचा एक पोरगा बापाची स्प्लेंडर घेऊन आला होता, मागचं कॅरिअर तेवढं काढलेलं. नाल्यातून डावीकडे वळून कातळावर चढायचं होतं, तिथे त्याचं पुढचं चाक एका गोट्याला अडलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्याने हाफ क्लच धरला, अंग उजवीकडे टाकलं, गुडघा टाकीला घट्ट दाबला, पाय काही खाली आला नाही, आणि अगदी हळू चाक गोट्यावरून वर चढलं. बांधावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी कार्डावर पाच पंच केले, कारण आम्ही जो नियम छापून त्यांच्या हातात दिला होता त्यात लिहिलं होतं, पुढे जाणं थांबलं की पाच. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या फेरीला आला नाही, गाडीला कॅरिअर परत बसवलं आणि निघून गेला.

काका नियमाप्रमाणे बरोबर होते. नियमच आपल्या कामाचा नव्हता.

हा नियम आला कुठून तेही बघू. आधी युरोपात गाडी सतत पुढे जात ठेवायची हीच पद्धत होती. मग रायडर लोक गाडी जागेवर तोलून धरायला शिकले, चाक उचलून बाजूला टाकायला शिकले. १९७९ चा वर्ल्ड चॅम्पियन अमेरिकेचा बर्नी श्रायबर पुढचं चाक उचलून जागेवर वळायचा, ते सगळ्यांनी उचललं. नंतर स्पेनचा जोर्दी तारेस आला, तो सायकल ट्रायल्समधून आलेला, उड्या मारण्याची सगळी कला त्याने मोटरसायकलवर आणली आणि १९८७ ते १९९५ मध्ये सात वर्ल्ड टायटल नेले. बघायला जबरदस्त. पण रायडर थांबून, श्वास घेऊन, चाक नेमकं ठेवून उडी मारू शकतो म्हटल्यावर सेक्शन आखणारे दगड मोठे करत गेले, दगड मोठे झाले म्हणून गाड्या हलक्या आणि महाग होत गेल्या, आणि रविवारी हौसेने येणारा माणूस हळूहळू बाहेर पडला. त्यावर उपाय म्हणून जागतिक संघटना एफआयएमने २०१३ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला नॉन-स्टॉप नियम लावला, थांबलात की पाच.

आणि झालं काय? स्पेनचाच टोनी बोऊ २०१२ ला चॅम्पियन होता, २०१३ लाही चॅम्पियन झाला. २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी इनडोअरही त्याचंच आणि आउटडोअरही त्याचंच, म्हणजे छत्तीस टायटल. नियम उलटा केला तरी वरचा माणूस वरच राहिला.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. नियमाने पहिला नंबर फारसा बदलत नाही, नियमाने बदलतं ते हे की खालचे किती लोक पुढच्या वेळी परत येतील. बोऊ कोणत्याही नियमात जिंकेल. शहाद्याचा पोरगा परत येतो की नाही ते मात्र नियम ठरवतो, आणि आपल्याकडे तर आत्ता सगळे शहाद्याचेच पोरगे आहेत, वरचं कोणी नाहीच.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडे थांबणं म्हणजे पाय टेकल्यासारखंच धरा. एकदा थांबला एक, पुन्हा थांबला दोन, तीनच्या वर थांबण्यासाठी आणि पायासाठी मिळून जायचंच नाही. पाच फक्त तेव्हा जेव्हा खरंच सेक्शन हातातून गेलं, पडला, पट्टी मोडली, पाय टेकवून गाडी मागे घेतली. ग्रुपवर एकजण म्हणाला की मग हुशार रायडर मुद्दाम एक गुण देऊन आरामात उभा राहील आणि पुढची ओळ बघून घेईल. घेऊ दे की. एक गुण दिलाय ना त्याने. आणि तो फार वेळ उभा राहू नये म्हणून सेक्शनला वेळ लावा, दीड मिनिट पुरे. कबड्डीत बघा, पूर्वी दम कुठे तुटला यावरून भांडणं व्हायची, कोणी म्हणायचं तुटला, कोणी म्हणायचं नाही, आता प्रो कबड्डीत तीस सेकंदांची रेड आहे आणि घड्याळ सगळ्यांना दिसतं, कोणी त्यावर भांडत नाही. कबड्डी त्याने कमी झाली का?

दुसरी गोष्ट म्हणजे सेक्शनवरचा ऑब्झर्व्हर. जगभर हा खेळ फुकट उभं राहणाऱ्या माणसांवर चालतो, दिवसभर एका दगडाशेजारी उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला बघायचं. अर्धा सेकंद गाडी थांबली की नाही हा निर्णय त्या माणसाला पाच गुणांचा करायला लावला की तो एकतर घाबरून कोणालाच देत नाही, नाहीतर अनोळखी पोराला देतो आणि ओळखीच्याला सोडतो. तेच एका गुणाचं असेल तर तो शांतपणे देईल आणि रायडरही शांतपणे घेईल. बघायचं कुठे तेही लिहून द्या, पुढच्या चाकाच्या एक्सलकडे बघायचं, हँडल हलतंय, रायडर हलतोय, इंजिन ओरडतंय याकडे नाही. हे एक वाक्य काकांच्या हातात असतं तरी बरंच काही वेगळं झालं असतं.

गाड्यांचं वेगळं बोलायला पाहिजे. ट्रायल्सची खरी गाडी सत्तर किलोच्या आसपास असते, सीट नावालाही नसतं, मागच्या टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय. आपली स्प्लेंडर एकशे दहा किलोच्या पुढे, एक्सपल्स २०० दीडशेच्या पुढे. ट्यूबच्या टायरमध्ये तेवढी हवा उतरवून बघा, टायर रिमवर फिरतो आणि वॉल्व्हच उपटून येतो. या दोन प्रकारच्या गाड्या एका रांगेत उभ्या करून एकच निकाल लावणं अन्याय आहे. इंग्लंडमध्ये सॅमी मिलरने एरियलची अवजड पाचशे सीसी सोडून स्पेनची हलकी बुल्टाको घेतली, १९६५ ला स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, आणि मग जुन्या ब्रिटिश भारी गाड्यांना त्या खेळात जागाच उरली नाही. पुढे त्याच लोकांनी जुन्या गाड्यांसाठी प्री-६५ म्हणून वेगळ्या स्पर्धा सुरू केल्या. आपण आधी घालवून मग परत आणायची गरज काय? पहिल्या दिवसापासून घरच्या गाडीचा वेगळा क्लास ठेवा. आरसी असलेली, सीट असलेली, रोज शेतावर जाणारी गाडी. मागचं स्प्रॉकेट मोठं करा, बटण टायर टाका, बस. कोणी इम्पोर्ट करून खरी ट्रायल्स बाईक आणली तर स्वागतच आहे, त्याने वेगळ्या रंगाचे बाण धरून अवघड वाटेने जायचं. एकाच नाल्यात वेगवेगळ्या रंगांच्या बाणांनी वेगवेगळे क्लास चालतात ही पद्धत जगभर आहेच, ती जशीच्या तशी घ्या.

मुलींसाठीही तेच. एफआयएमची महिलांची वर्ल्ड चॅम्पियनशिप २००० पासून आहे, स्पेनची लाइया सान्स ती तेरा वेळा जिंकली आणि वर डकार रॅलीही पूर्ण करून आली, अनेकदा. निकाल वेगळा लावा पण नाला तोच द्या, आणि एखादीला मुख्य क्लासमध्ये उतरायचं असेल तर तिला अडवू नका. जळगावात स्कूटीवर कॉलेजला जाणाऱ्या पोरींचा तोल बघितलाय का कधी, पाठीला बॅग, पुढे डबा, आणि खड्ड्यांतून कशी काढतात.

वर्ल्ड चॅम्पियनशिपला रायडरसोबत मिंडर असतो, सेक्शनमध्ये उभा राहून ओळ सांगतो, गाडी उलटली तर धरतो. आपल्याकडे हा प्रकार नको. ज्याच्याकडे चार मित्र आहेत त्याला फायदा आणि एकटा आलेल्याला काही नाही, असं होतं. त्यापेक्षा जिथे उंचावरून उतरायचं आहे तिथे आयोजकांचीच दोन दणकट माणसं सगळ्यांसाठी उभी करा. हेल्मेट आणि मनगटाला दोरी बांधलेला किल स्विच, रायडर पडला की इंजिन लगेच बंद, यात मात्र कसलीही सूट नको, घरच्या गाडीलाही नको. किल स्विच महाग नाही, कोणताही मेकॅनिक बसवून देतो.

इलेक्ट्रिकवरून पण एकजण तावातावाने लिहीत होता. एफआयएमने २०१७ ला इलेक्ट्रिकसाठी वेगळा कप सुरू केला. मला वाटतं आपण वेगळं काही करू नये, आली तर येऊ द्या सोबतच, आवाज नाही म्हणून शेजारच्या शेतातली गुरं बुजत नाहीत हाच मोठा फायदा.

आणि जागा. वनखात्याच्या हद्दीत एक चाकसुद्धा जायला नको, यावल अभयारण्याच्या आसपास तर अजिबातच नाही, एकदा तक्रार झाली की सगळ्यांचं बंद होईल. शेतकऱ्याची लेखी परवानगी घ्या, त्याचा बांध मोडला तर त्याच दिवशी नीट करून द्या. सेक्शन सगळी एकाच नाल्यात ठेवा, म्हणजे मधल्या रस्त्यावर गाड्या पळवण्याचा प्रश्नच येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतींसाठी आहे आणि आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नाही. स्कॉटलंडचे लोक १९०९ पासून सहा-सहा दिवसांच्या स्पर्धा करतात, ते मे महिन्यात. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला काय होतं ते सांगायला नको. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सातला पहिली गाडी, दुपारी बाराला शेवटची, हेसुद्धा नियमाच्या कागदावर छापा, आयोजकांच्या मर्जीवर सोडू नका.

पुढेमागे हे वाढलं तर एफएमएससीआयकडे, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेकडे, जावं लागेल, त्यांची पद्धत असेल ती पाळू, जिल्ह्याबाहेरून रायडर आले तर वरच्या क्लासला एफआयएमचा नियम लावू. पण तोपर्यंत घरच्या गाडीच्या क्लासला थांबल्याचा एक गुण, दीड मिनिटाची वेळ आणि एक्सलकडे बघायचं, हे तीन मी या थंडीत लावणारच आहे, नाला ठरलाय, शेतकरी काकांनी हो म्हटलंय. रायडर भरपूर आहेत, ऑब्झर्व्हर नाहीत. धुळे, जळगाव, नंदुरबार कुठलेही असाल, गाडी चालवता येत नसली तरी चालेल, सकाळी सात ते बारा उन्हात उभं राहायची तयारी असेल तर मला मेसेज करा, आदल्या दिवशी संध्याकाळी नाल्यातच बसून सगळं समजावून सांगतो. शहाद्याच्या त्या पोराला कोणी ओळखत असेल तर त्यालाही हे वाचायला द्या.