प्रागला शाळेची सहल नेताय? यादी लहान करा

शाळेची सहल प्रागला नेणार असाल तर प्राग कॅसल यादीतून काढून टाका, असं मी स्पष्टच सांगते. तिथे बघण्यासारखं काही नाही म्हणून नव्हे, सेंट व्हायटस कॅथीड्रल तर अप्रतिम आहे. पण एका दिवसात कॅसल, चार्ल्स ब्रिज, जुना चौक, ज्यू वस्ती आणि वेन्सेस्लास स्क्वेअर उरकायचं ठरवलं की मुलं दिवसभर पुढच्याच्या पाठीवरची बॅग बघत चालतात. मी जर्मनीत गणित शिकवते आणि नववी-दहावीच्या मुलांबरोबर प्रागला जात असते. पुण्या-मुंबईच्या काही शाळाही आता युरोपच्या सहली काढतात, ओळखीच्या शिक्षिका मला कार्यक्रम विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ घ्या. तासाचा ठोका जवळ आला की खाली तुडुंब गर्दी होते. सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे फिरून जातात, मिनिटभरात सगळं संपतं आणि गर्दी पांगते. खरी गोष्ट त्या खिडक्यांखालच्या तबकडीत आहे, आणि ती बघायला ठोक्याची वाट बघावी लागत नाही. ही तबकडी १४१० सालची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसचा जन्म १४७३चा, त्यामुळे इथे पृथ्वी मधोमध आहे आणि सूर्य-चंद्र तिच्याभोवती फिरतात. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा. तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो.

सगळ्यात बाहेरच्या कड्यावर सोनेरी जुन्या वळणाचे १ ते २४ आकडे आहेत. ही जुनी चेक वेळ. तिच्यात दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणून सूर्यास्ताला चोवीस वाजतात आणि ऋतूप्रमाणे ते कडं मागेपुढे सरकतं. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, तसा हा सूर्यास्ताला. मी मुलांना एवढंच विचारते: आज अंधार पडायला किती तास उरलेत? काटा सोनेरी २०वर असेल तर उत्तर चार. ते एकदा जमलं की मुलं तिथून हलत नाहीत. राशींचं कडं कुठे आहे, पहाटेचा रंग कुठे सुरू होतो, प्रश्न थांबत नाहीत. इथले काही गाईड मात्र घड्याळ बनवणाऱ्याचे डोळे काढल्याची दंतकथा खरी असल्यासारखी सांगतात. ती खरी नाही. घड्याळ बनवलं कादान गावच्या मिकुलाशने, आणि त्यामागचं गणित प्राग विद्यापीठातल्या यान शिंदेलचं असल्याचं मानतात. मुलांना ही नावं सांगा.

दुसरी जागा पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ. भिंतींवर हाताने रंगवलेली नावं आहेत, नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या जवळपास ८०,००० ज्यूंची. गावागावांप्रमाणे, आडनावांप्रमाणे. प्रत्येकापुढे जन्मतारीख आणि शेवटची माहीत असलेली तारीख. इथे आत जाण्याआधी भाषण देऊ नका. मुलं आपणहून वजाबाकी करायला लागतात. अकरा. नऊ. चार. मग वरच्या मजल्यावर तेरेझीन घेट्टोतल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, मुलांची चित्रं बघतात. तिथे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना चोरून चित्रकला शिकवायची आणि चित्रावर स्वतःचं नाव लिहायला लावायची. १९४४च्या ऑक्टोबरमध्ये तिला आउशविट्झच्या मृत्यूछावणीत नेऊन मारलं. जाण्याआधी तिने साधारण साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली, म्हणून ती आज आहेत. काढणारी बहुतेक मुलं परत आली नाहीत.

मी स्वतः शिक्षिका आहे, आणि शिक्षकी पेशाबद्दल याहून मोठं काही मला माहीत नाही. अशा जागी वीस मिनिटांत 'चला, चला, पुढचं आहे' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या मुलांवरही आणि आपल्या मुलांवरही. दीड तास ठेवा. कोणाला रडू आलं तर येऊ द्या, आणि बाहेर पडल्यावर लगेच आइस्क्रीमच्या दुकानात नेऊ नका. नदी जवळच आहे, काठाने थोडं चाला.

वेळ उरलाच तर नारोद्नी रस्त्यावर जा. १७ नोव्हेंबर १९८९ला पोलिसांनी तिथे विद्यार्थ्यांचा मोर्चा झोडपला, आणि काही आठवड्यांत चेकोस्लोव्हाकियातली कम्युनिस्ट राजवट गेली. एका कमानीखाली वर उचललेल्या हातांचं छोटं स्मारक आहे. मोर्चातली मुलं आपल्या मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी होती, हे सांगितलं की पुरतं.

चार्ल्स ब्रिज? सकाळी सातला, न्याहारीआधी. दहानंतर तिथे मुलं मोजत बसण्यापलीकडे शिक्षकाला काही करता येत नाही.

आणि तारखा ठरवताना एक बघा: ज्यू म्युझियमच्या सगळ्या इमारती, पिंकास धरून, शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतात. त्यामुळे शुक्रवारी रात्री पोचून रविवारी निघायचा बेत असेल, तर पिंकाससाठी रविवारची सकाळ आधीच राखून ठेवा.