गोळ्या फेकू नका: ‘२१ दिवसांत दुखणं गायब’ला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: जुनाट दुखणं शरीरात नसतंच, ते मेंदूत असतं. रोज मोबाइलवर ऑनलाइन माइंडफुलनेस (श्वासाकडे, शरीराकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) करा, २१ दिवसांत ते मुळापासून जाईल. गोळ्या बंद करा. डॉक्टर नको, शिक्षक नको, साइड इफेक्ट शून्य. फरक पडला नाही तर समजा, तुम्ही मन लावून केलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या पेशंटना माइंडफुलनेस स्वतःहून सुचवते. म्हणूनच हा मेसेज वाचून संताप येतो.

आधी गोळ्यांचं, कारण खरा धोका तिथे आहे. नसांच्या दुखण्यावर दिली जाणारी प्रीगॅबालिन किंवा ट्रॅमाडॉलसारखी गोळी एकदम सोडली तर झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबराघुबरा होतो; प्रीगॅबालिन सोडल्यावर क्वचित फिटही येते. आमवाताच्या रुग्णाची मेथोट्रेक्सेट तर पेनकिलर नाहीच, ती सांधे खराब होण्याला आवर घालते. ती सोडून नुसतं डोळे मिटून बसलं तर मनाला बरं वाटेलही, पण आतल्या आत सांधे कामातून जात राहतील. वर्षानुवर्षं मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेनकिलर किडनीला आणि पोटाला बाधतात हे खरंच आहे, त्या कमी व्हायला हव्यात. पण कुठली, किती आणि किती दिवसांत, हे डॉक्टरांशी बोलूनच.

‘डॉक्टर नको’ हेही तितकंच घातक. पाठदुखीसोबत संध्याकाळी बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी आहे का, हे आपल्याकडे बघावंच लागतं. लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आता ‘दुखणं मेंदूत असतं’. हे अर्धवट उचललेलं सत्य आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव मानलाय. तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेल्या दुखण्यात मज्जासंस्था जास्त हळवी होऊ शकते, त्यात भीतीची भर पडते. पण याचा अर्थ गुडघा ठणठणीत आहे असा होत नाही आणि पेशंट खोटंही बोलत नसतो.

माझ्याकडे येणाऱ्या, सदाशिव पेठेत बिनलिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्या एका काकूंचं सांगते. गुडघ्यात कळ आली की मागोमाग विचार सुरू: आता जिना कसा चढू, ऑपरेशनच करावं लागणार, लेकीला रजा काढावी लागणार. ऑनलाइन वर्गात जेवणाच्या टेबलावर डब्याला फोन टेकवून त्या बॉडी स्कॅन करायच्या, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष न्यायच्या. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या चालूच. शिकवणाऱ्या ताई विचारायच्या, गुडघ्यात नेमकं काय जाणवतंय? गरम? ठसठस? ताण? काकूंच्या लक्षात आलं की ठसठस सलग नसते, मध्येच ओसरते. आणि कळ आली की आपण दात आवळतो, खांदे वर ओढून धरतो. गुडघा आजही दुखतो. पण त्या पुन्हा मंडईत चालत जातात, वाटेत एकदा टेकून.

हेच या पद्धतीचं मूळ काम. माइंडफुलनेस दवाखान्यात आणणाऱ्या जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये त्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही जुनाट वेदनांचे रुग्ण होते.

‘मुळापासून जाईल’ला पुरावा नाही. सिअॅटलमध्ये कंबरदुखीच्या ३४२ प्रौढांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, माइंडफुलनेस शिकलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या हालचालींत ठळक सुधारणा होती. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ४४ टक्के. म्हणजे फायदा आहे, पण शिकलेल्या शंभरातल्या चाळीसजणांना तो तितका झाला नाही. त्या चाळीसजणांना ‘मन लावलं नाही’ म्हणून दोष द्यायचा? आधीच दुखण्याने पिचलेल्या माणसाच्या माथी हा आळ मारणं मला क्रूर वाटतं. त्याच अभ्यासात विचार-वर्तन उपचारानेही (दुखण्याबद्दलचे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) जवळपास तितकाच फायदा झाला. एक वाट जमली नाही तर दुसरी आहे.

साइड इफेक्ट शून्य? जुना मानसिक आघात असेल तर शरीराकडे एकटक लक्ष दिल्याने काहींची घालमेल वाढते. तेव्हा थांबायचं आणि सांगायचं.

कुणाला सांगायचं, तर शिकवणाऱ्याला. ऑनलाइन असण्याला माझी हरकत नाही. कंबर धरून रिक्षातून खड्डे खात क्लासला येण्यापेक्षा घरी बसून शिकणं केव्हाही बरं. अमेरिकेतल्या ८११ माजी सैनिकांवरच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हिडिओ कॉलवर एकत्र शिकणारा गट आणि आपापल्या सोयीने शिकणारा गट, दोघांनाही माफक फायदा झाला. पण आपापल्या सोयीने शिकणाऱ्यांनाही प्रशिक्षकाचे तीन फोन होतेच.

तेव्हा कोर्स घेण्याआधी फोन करून विचारा, माझ्या चालू गोळ्यांचं काय? ‘बंद करा’ असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नका.